वायफायची रेंज मोजून कोर्टात काय दाखवता येतं

प्रश्न असा आला आहे: "साताऱ्यात वकिली करते. यादोगोपाळ पेठेत राहणाऱ्या माझ्या अशिलावर बनावट प्रोफाइल काढून एका मुलीला घाणेरडे मेसेज पाठवल्याचा आरोप आहे. पोलिसांना मिळालेला आयपी अॅड्रेस अशिलाच्या घरच्या ब्रॉडबँडचा निघाला. फोन आणि लॅपटॉप जप्त झाले, त्यांत काही सापडलं नाही. राऊटर अजून भिंतीवरच आहे. बाहेरच्या कोणी वायफाय वापरलं असेल हे दाखवायला रेंजचा नकाशा काढता येतो असं ऐकलं. मोबाईलमधल्या अॅपने काढला तर चालेल का? कोर्टात टिकेल का? दिवाळीआधी घराला रंग द्यायचाय, त्याआधीच उरकावं का?"

रंगाऱ्याला आजच फोन करून थांबवा. बाकीचं त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

मॅडम, नकाशा काढता येतो. केबल ओढता ओढता मी या कामात आलो आणि आता साताऱ्यात-सांगलीत वकिलांसाठीही काढतो, तपास अधिकाऱ्यांसाठीही काढतो. गैरसमज दोघांचा सारखाच, फक्त तोंडं उलटी. पोलिसांना वाटतं नकाशातून माणूस सापडेल, वकिलांना वाटतं माणूस सुटेल. अमुक जागी उभं राहून, अमुक प्रकारच्या फोनने, त्या राऊटरला जोडता आलं असतं का, एवढंच नकाशा सांगतो. तुमच्या केसमध्ये तेवढंही पुष्कळ आहे. सध्या सगळा भार 'आयपी घरचा म्हणजे कृत्य घरमालकाचं' या एका उडीवर दिसतोय.

ही उडी जुनीच आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी माध्यमांना एक ई-मेल गेला. त्याचा आयपी निघाला नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरचा. वायफाय त्यांचं, मेल पाठवणारे दुसरेच. आयपी उंबऱ्यापर्यंत आणून सोडतो. पुढे आत बघायचं की बाहेर, हे तपासणाऱ्याने ठरवायचं असतं.

तो उंबरा तरी बरोबर आहे ना, ते आधी पाहा. सोशल मीडिया कंपनीकडून येणाऱ्या लॉगमधली, म्हणजे नोंदींमधली, वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. तिथे १७:०५ लिहिलं असेल तर आपल्याकडे रात्रीचे १०:३५ झालेले असतात. साडेपाच तास मिळवायला कोणी विसरलं, किंवा दोन टेबलांवर दोनदा मिळवले गेले, की भलत्याच ग्राहकाचं नाव येतं. शिवाय बरेच केबलवाले आणि मोबाईल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. तिथे आयपी आणि वेळ एवढ्याने भागत नाही, सोर्स पोर्टचा नंबरही लागतो, म्हणजे त्या सामायिक आयपीमागची नेमकी जोडणी ओळखवणारा आकडा. दोषारोपपत्रात पोर्टचा नंबर आहे का बघा. नसेल आणि कनेक्शन अशा वाटून दिलेल्या आयपीचं असेल, तर नकाशावर खर्च करण्याआधीच तुमच्या हातात मुद्दा आहे.

आता रेंज. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि आकडे उणे असतात. फोन राऊटरला चिकटवला की उणे ३० च्या आसपास. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या खाली जोडणी तुटत-जुळत राहते, उणे ९० ला नाव दिसलं तरी नशीब. दर ३ ला ताकद निम्मी होते, दर १० ला दहा पटींनी घटते. त्यामुळे 'उणे ६० काय आणि उणे ७० काय' असं म्हणणारा साक्षीदार भेटला तर त्याला सोडू नका.

लोकांच्या डोक्यात रेंज म्हणजे राऊटरभोवतीचं गोल रिंगण असतं. साताऱ्यात तरी असं रिंगण मला कुठे दिसलेलं नाही. माची पेठेतल्या एका जुन्या वाड्याचं काम सांगतो. राऊटर पहिल्या मजल्यावर, उत्तरेकडच्या लाकडी खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेला. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, दोन फुटांच्या वर जाड. त्याच मजल्यावर, राऊटरपासून आठ मीटरवर, मध्ये दोन भिंती टाकून एक खोली. तिथे उणे ८६. नाव दिसायचं, जोडणी काही होईना. घरातल्या आजी म्हणाल्या, "हितं नातवाचं नेट चालत न्हाई, म्हणून तर मी हितं झोपते." मग आम्ही उताराने खाली गेलो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची ती वस्ती, घरं पायऱ्यांसारखी एकाखाली एक. चाळीस मीटरवर एका नव्या इमारतीची गच्ची त्या खिडकीच्या बरोबर समोर येत होती. तिथे उणे ५८. गच्चीवर चटई टाकून आख्खी मॅच बघता आली असती.

हिशोब कागदावरही बसतो. घरगुती राऊटर साधारण २० डीबीएमने पाठवतो असं धरू. २.४ गिगाहर्ट्झला (वायफायच्या नेहमीच्या दोन लहरपट्ट्यांपैकी, म्हणजे बँडांपैकी, एक) मोकळ्या हवेत पहिल्या मीटरलाच ४० डेसिबल जातात, पुढे अंतर दहापट झालं की आणखी २०. म्हणजे आठ मीटरला ५८ जातात, चाळीस मीटरला ७२. मध्ये भिंती नसत्या तर खोलीत उणे ३८ मिळायला हवं होतं. मिळालं उणे ८६. दोन भिंतींनी ४८ डेसिबल खाल्ले, एकेकीच्या वाट्याला २४. गच्चीच्या वाटेत दगड नाहीच, त्यामुळे उणे ५२ ची अपेक्षा होती, त्यातले सहा खिडकीच्या झडपेत आणि इकडेतिकडे गेले. शेजारची खोली चाळीस मीटरवरच्या गच्चीपेक्षा लांब निघाली ती अशी. वरून दिसणारा सपाट नकाशा काढला असता तर ही गच्ची आमच्या नजरेतून सुटलीच असती, कारण दोघांच्या मध्ये तीन घरं होती. ती तिन्ही बैठी आहेत हे उंची मोजल्यावरच कळलं. साताऱ्यात प्रत्येक मोजणीबिंदूची उंची लिहायचीच, राऊटरचीसुद्धा.

५ गिगाहर्ट्झचा बँड वेगळा मोजायचा. तिथे पहिल्याच मीटरला ४६-४७ जातात आणि भिंतीतही जास्त गळती होते, त्यामुळे त्याची हद्द आखूड असते. हल्लीचे राऊटर दोन्ही बँड एकाच नावाने चालवतात. म्हणूनच मोजणी नावावर करू नये, बीएसएसआयडीवर करावी. नाव म्हणजे घरावरची पाटी, ती कोणीही कुठेही लावतो, आणि केबलवाल्याने बसवून दिलेली नावं तर आख्ख्या गल्लीत भावंडांसारखी असतात. बीएसएसआयडी हा त्या रेडिओचा बारा अक्षर-आकड्यांचा पत्ता. एकाच राऊटरचे दोन किंवा जास्त असतात, बहुधा एखाद्या आकड्याच्या फरकाचे. घरात रेंज वाढवायचं यंत्र लावलं असेल तर त्याचा आणखी वेगळा. हे सगळे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. अशिलाच्या मुलाने वरच्या खोलीत एक्स्टेंडर लावलाय आणि घरात कोणी ते सांगितलंच नाही, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

अॅपबद्दल विचारलंत. चाचपणीला चालेल, पुराव्याला नाही. यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. सांगलीत विश्रामबागला एक काम होतं. फोनवर अॅप लावलं, गल्लीतून एक फेरी मारली, सुंदर रंगीत नकाशा निघाला, अहवाल दिला. समोरच्या बाजूने एक इंजिनिअरिंगचे प्राध्यापक उभे केले होते. त्यांनी एकच विचारलं, "हा आकडा किती सेकंदांनी बदलत होता?" मला सांगता येईना. घरी येऊन शोधलं. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, बॅटरी वाचवायला स्कॅनिंगवर लगाम आहे. समोर उघडं असलेल्या अॅपला दोन मिनिटांत फक्त चार वेळा नवं स्कॅन करता येतं. म्हणजे सरासरी अर्ध्या मिनिटाला एक. माणूस सेकंदाला एक मीटर चालला तर तीस मीटरपर्यंत पडद्यावर जुनाच आकडा. माझ्या नकाशात सिग्नल सगळ्यात जोरात दिसत होता तो राऊटरच्या घरासमोर नव्हे, दोन घरं पुढे. ते माझ्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. अहवाल मागे घ्यावा लागला. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हा लगाम काढता येतो, पण तुमच्या साक्षीदाराला तो आहे हे माहीत तर हवं.

आता मी लॅपटॉपला बाहेरचा यूएसबी अॅडॉप्टर जोडून, तो मॉनिटर मोडमध्ये (कशालाही न जोडता नुसतं ऐकायच्या अवस्थेत) टाकून, किस्मेट हे वायफाय ऐकून नोंदवणारं सॉफ्टवेअर चालवतो. राऊटर आपली हजेरी देणारी बीकन फ्रेम साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी पाठवतो, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा. अॅडॉप्टर सगळ्या चॅनेलवर उड्या मारत ठेवला तर त्यातल्या बहुतेक निसटतात. म्हणून एका ठिकाणी शोधून घ्यायचं, मग राऊटरच्या चॅनेलवर खिळवायचं. अर्ध्या मिनिटात दोनशे-तीनशे वाचनं मिळतात. त्यांची सरासरी न घेता मधला आकडा घ्यावा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते, भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे सहा सेंटिमीटर हात हलला तरी आकडा उडी मारतो. एकट्या वाचनाला काही किंमत नाही.

आणि आपलं अंगही मध्ये येतं. माणूस म्हणजे पाण्याची पिशवी. राऊटरकडे पाठ करून फोन छातीशी धरला तर पाच-सात डेसिबल सहज पडतात. म्हणून प्रत्येक बिंदूवर चारही दिशांना तोंड करून मोजायचं, उंची ठरावीक ठेवायची.

बिंदू ठरवायला फोनचं जीपीएस वापरू नका. उघड्या माळावर ते तीन-पाच मीटरांत बसतं, पण पेठेतल्या आठ फुटी बोळात दोन्हीकडे इमारती असल्या की तुम्हाला मागच्या गल्लीत उभं करतं. नगर भूमापन कार्यालयातून सिटी सर्व्हेचा नकाशा काढा. त्यावर अशिलाचं आणि आजूबाजूची घरं सीटीएस नंबरसह येतात आणि त्या कागदाला कोर्टात कोणी नाक मुरडत नाही. मग महावितरणचे खांब, विहीर, देवळाची पायरी अशा न हलणाऱ्या खुणांपासून टेपने अंतर घ्यायचं. बिंदू क्रमांक १४, खांबापासून पूर्वेला ६.२ मीटर, जमिनीपासून १.२ मीटर उंच, असं. कंटाळवाणं असतं, पण सहा महिन्यांनी कोणीही जाऊन त्याच जागी उभं राहू शकतं. शेजाऱ्यांच्या गच्चीवर किंवा जिन्यात जायचं तर लेखी परवानगी घ्या, नाही मिळाली तर तसं लिहा आणि तो बिंदू कोरा सोडा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. राऊटर फोनला ऐकू येतो म्हणजे फोनही राऊटरला ऐकू जातो असं नाही. राऊटर २० डीबीएमने बोलतो, फोन बॅटरी सांभाळत त्याहून पाच-सहा डेसिबलने हळू बोलतो. डोंगरावर भोंगा लावलेला माणूस आणि खाली ओरडणारा माणूस असतात तसं. हद्दीच्या कडेला नेटवर्कचं नाव दिसतं, जोडायला जावं तर फिरतच राहतं. त्यामुळे नुसत्या बीकनवर काढलेला नकाशा खऱ्या हद्दीपेक्षा मोठा येतो. बचाव पक्षाला तो आवडतो आणि सरकारी पक्षाच्या तज्ज्ञाने पाच मिनिटांत फाडला तर तक्रार करता येत नाही.

यावर उपाय म्हणजे जोडून बघणं. ज्या प्रकारच्या फोनचा संशय आहे त्याच मॉडेलचा फोन घ्या, माहीत नसेल तर एक स्वस्तातला आणि एक महागातला घ्या. प्रत्येक बिंदूवर दहा वेळा जोडणी तोडून परत जोडायची, दर वेळी एखादं साधं पान उघडायचं, दहापैकी किती वेळा जमलं ते लिहायचं. हा आकडा न्यायाधीशांना डीबीएमपेक्षा लवकर कळतो. वाड्याच्या कामात गच्चीवर दहापैकी दहा आले, आतल्या खोलीत शून्य. गल्लीच्या कोपऱ्यावर, जिथे उणे ७९ होतं, तिथे चार. मेसेजेस सलग वीस मिनिटं गेले असतील तर दहापैकी चारची जागा तुमच्या कामाची आहे का, याचा विचार तुम्हीच करा.

पण ही जोडणी अशिलाच्या मूळ राऊटरवर करायची नाही. राऊटर स्वतःच पुरावा आहे. कोण कोण जोडलं होतं याची यादी आणि लॉग त्यात असतात, आणि घरगुती राऊटरमध्ये ते बहुधा अशा मेमरीत असतात जी वीज गेली की पुसली जाते. आपण दहा-दहा वेळा जोडत बसलो तर उरलेल्या जुन्या नोंदी आपल्याच नोंदींखाली गाडल्या जातात. आधी त्याची तपासणी, मग मोजणी. मोजणीसाठी त्याच मॉडेलचा, त्याच फर्मवेअरचा (आतल्या सॉफ्टवेअरचा) दुसरा राऊटर आणून त्याच खिळ्याला लावायचा. सेटिंगमध्ये ट्रान्समिट पॉवर जास्त-मध्यम-कमी असा पर्याय असतो, तो मुळात काय होता ते बघून तसाच ठेवायचा. अँटेना असतील तर त्यांचे कोनसुद्धा.

त्या यादीबद्दल थोडं सांगतो, कारण नकाशापेक्षा तिच्यातून जास्त मिळू शकतं. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा मॅक अॅड्रेस, म्हणजे त्याच्या वायफायचा ओळख-पत्ता, तिथे दिसतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन खरा मॅक न देता बनावट देतात. दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट समजावा. पण म्हणून निराश होऊ नका. बहुतेक फोन एका नेटवर्कसाठी एकदा तयार केलेला बनावट मॅकच पुन्हा पुन्हा वापरतात, आणि त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तो दिसतो. म्हणजे संशयित फोन हाती आला तर जुळवणी होऊ शकते. राऊटरचं घड्याळ मात्र स्वतंत्रपणे तपासा. कित्येक राऊटरना इंटरनेटवरून वेळ घ्यायला सांगितलेलंच नसतं आणि लॉगवर १ जानेवारी १९७० ची तारीख दिसते. तसं असेल तर पडद्यावरचं राऊटरचं घड्याळ आणि शेजारी धरलेलं खरं घड्याळ एकाच फोटोत घ्यायचं. दोन्हींतला फरक काढून मागचा हिशोब लागतो, मधे वीज गेली नसेल तर. साताऱ्यात पावसाळ्यानंतर ही अट जरा जडच आहे.

दुसरी अडचण दिवसाची. आपण आज मोजतो, घटना तेव्हाची. तुमच्या केसमधले मेसेज कधीचे आहेत ते लिहिलेलं नाही, पण ते गणपतीतले असतील तर गल्लीत तेव्हा मांडव होता का विचारा. पत्र्याने मढवलेला मांडव म्हणजे सिग्नलला भिंतच, उलट बाजूला तो आरशासारखा परतवतोही. कार्तिकात मोजलेला आकडा भाद्रपदाला लागू होत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये मी एकाच जागेचे दोन नकाशे काढले होते, एक शटर वर असताना आणि एक खाली असताना. दोन वेगवेगळे कारखाने वाटावेत इतका फरक. पावसाचं मात्र लोक उगीच विचारतात. पडणाऱ्या पावसाने २.४ गिगाहर्ट्झला फरक पडत नाही, भिजलेल्या जुन्या भिंतीने पडतो. आणि वेळही तीच धरा. सकाळी अकराला गल्लीत शांतता असते, रात्री दहाला प्रत्येक घरात काहीतरी चालू असतं, सगळे राऊटर एकमेकांवर ओरडतात, आणि सकाळी जमणारी उणे ७८ ची जोडणी रात्री जमत नाही.

नकाशा काढताना एक मोह होतो, त्याला आवर घाला. लाल-पिवळा-हिरवा ढग. सॉफ्टवेअर दोन बिंदूंच्या मधली जागा अंदाजाने रंगवतं. बिंदू १४ आणि १५ च्या मध्ये दोन फुटांची दगडी भिंत आहे हे त्याला कुठे ठाऊक? वकिलांना ढग आवडतो, आणि उलटतपासात तोच अंगावर येतो: "साहेब, इथे हिरवा रंग आहे, इथे तुम्ही मोजलं होतं का?" मी क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सिटी सर्व्हेच्या नकाशावर नुसते ठिपके टाकतो. ठिपक्याशेजारी बिंदू क्रमांक, दोन्ही बँडचा आकडा आणि दहापैकी किती. जिथे मोजलं नाही तिथे कागद पांढरा. शिवाय उताराचा एक उभा छेद, ज्यात राऊटर, मधली घरं आणि महत्त्वाचे बिंदू उंचीसह दिसतात. माची पेठेच्या त्या कामात जजसाहेबांनी नकाशा बाजूला ठेवला आणि उभा छेदच दोनदा मागवून पाहिला.

बाहेरची हद्द ठामपणे सांगायची नसते. जाळीची किंवा यागी अँटेना घेऊन समोरासमोर बसलेला माणूस शेकडो मीटरांवरूनही जोडू शकतो, आणि आपल्याकडे शहराच्या डोक्यावर आख्खा किल्ला आहे. पण मुलीला त्रास द्यायला कोणी अजिंक्यताऱ्यावर अँटेना घेऊन बसलं, असं तुम्ही सुचवाल तर कोर्टात हशा पिकेल. खरी वाट जवळची असते. पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता? पेठांमध्ये मी पाहिलेले निम्मे पासवर्ड घरमालकाचा मोबाईल नंबर आहेत, तोच नंबर दारावरच्या पाटीवरही असतो. उरलेल्यांत केबलवाल्याने बसवताना ठेवलेला तसाच चालू असतो. मागचे भाडेकरू, क्लासची मुलं, गणपतीत आलेले पाहुणे. एका फोनवरून दुसऱ्याला क्यूआर कोडने पासवर्ड देता येतो, तोंडाने सांगावाही लागत नाही. अशिलाला बसवून ही नावं काढा, आणि त्यांपैकी कोण कोणत्या बिंदूजवळ राहतं ते बघा. या दोन याद्या एकमेकींवर ठेवल्याशिवाय नकाशाला अर्थ येत नाही. वाड्याच्या प्रकरणात गच्चीच्या खालच्या मजल्यावर कॉलेजची पोरं भाड्याने राहायची, त्यांपैकी एक वाड्यातल्या नातवाचा मित्र. पोलिसांनी पुढे त्याच्या फोनची तपासणी केली. ते नेटवर्क फोनमध्ये जतन केलेलं होतं, आणि राऊटरच्या यादीतला बनावट मॅक त्याच्याशी जुळला. सिद्ध झालं ते त्या जुळणीने. माझ्या नकाशाने फक्त बोट दाखवलं होतं, आणि आणखी दोन घरांकडेही दाखवलं होतं जिथल्या लोकांचा काही संबंध नव्हता. म्हणून अहवालात कोणाचंही नाव लिहायचं नाही. बिंदू लिहायचे.

कायद्याचं तुम्हाला मी काय सांगणार, पण माझ्या बाजूचं सांगतो. बीकन सगळ्यांसाठीच असते, ती ऐकण्यात काही वावगं नाही. लोकांचा डेटा पकडायचा नाही. किस्मेटला किंवा वायरशार्क या तशाच सॉफ्टवेअरला फक्त मॅनेजमेंट फ्रेम, म्हणजे बीकनसारखे जोडणीपुरते संदेश, घ्यायला सांगता येतं, तसं सांगायचं आणि ते सेटिंग अहवालात लिहायचं. शेजाऱ्याच्या नेटवर्कला 'जोडतंय का बघू' म्हणून हात लावायचा नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये आपणच अडकू. शेजाऱ्यांच्या नेटवर्कची नावं नोंदीत आपोआप येतात, नकाशाच्या प्रतीवर ती झाका.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब च्या जागी; इलेक्ट्रॉनिक पुरावा त्याखाली जातो. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, अ पक्षकाराने आणि ब तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलमधून गणिताने निघणारा तिचा ठसा, लिहावी लागते. म्हणून मोजणी संपली की तिथेच, घराच्या ओट्यावर, दोन साक्षीदारांसमोर फाईलचा एसएचए-२५६ हॅश काढायचा, व्हिडिओत वाचून दाखवायचा आणि हाताने लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. घरी नेऊन निवांत काढलेला हॅश तांत्रिकदृष्ट्या तोच असतो, पण मधल्या दोन तासांचं उत्तर देत बसावं लागतं. मूळ फाईल एका पेनड्राइव्हवर सीलबंद ठेवायची, काम दुसऱ्या प्रतीवर करायचं. माझी साक्ष कलम ३९ खाली तज्ज्ञाचं मत म्हणून जाते. मत म्हटलं की ते कशावरून बनवलं हे विचारणारच. त्यामुळे वापरलेला अॅडॉप्टर, त्याचं मॉडेल, फोन, लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटशी जुळवल्याची वेळ, हे सगळं पहिल्या पानावर.

साधारण तीस-पस्तीस बिंदूंना दोन माणसांना दोन रात्री लागतात. दिवसा आधी एकदा फिरून खिडक्या आणि गच्च्या बघून ठेवाव्या लागतात.

आता रंगाऱ्याचं. रंग द्यायचा म्हणजे तो पहिल्यांदा राऊटर खाली काढणार, प्लग उपटणार, खिळा काढून भोक बुजवणार, आणि नंतर राऊटर जिथे सोयीचं तिथे लागणार. म्हणजे लॉग गेला आणि जागाही गेली. आज संध्याकाळी स्वतः जा. राऊटर ज्या बोर्डवर आहे त्यावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवा. इन्व्हर्टर असेल तर राऊटर त्यावर आहे का विचारा, पण नसला तर आत्ता हलवू नका, हलवताना बंद पडेल. राऊटरचा फोटो लांबून आणि जवळून घ्या, फोटोत खिडकी आणि दार यायला हवं. जमिनीपासून उंची, खिडकीच्या चौकटीपासून अंतर, अँटेना कुठे वळलेल्या आहेत, शेजारी लोखंडी कपाट किंवा टीव्ही आहे का, हे लिहा. खिडकी एरवी उघडी असते की बंद, ते घरच्यांना विचारा, आणि दोघांना वेगवेगळं विचारा. राऊटरमध्ये लॉगिन करून बघायचा मोह तुम्हालाही होईल, अशिलाला तर होईलच. नको. ते कॅमेरा लावून, साक्षीदारांसमोर एकदाच करायचं असतं. पोलिसांनी राऊटर जप्त करून तपासावा असा अर्जही द्या. त्यांनी नेला तर काढण्याआधी तो चालू असतानाच यादीची नोंद घ्या अशी विनंती त्याच अर्जात लिहा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.